दादाची नजर आणि नवा संगणक

दि. ३ मार्च

चि. ठमी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझ्या छापखान्यात रंगाचं सगळं काम संगणकावर चालतं, तेव्हा हे कोडं तुलाच घालतो. स्टुडिओतला संगणक म्हातारा झालाय. मोठा फोटो उघडायला सांगून मी गल्लीत एक चक्कर मारून येतो, तरी तो घुटमळतच असतो. तेही सोसलं असतं, पण आता त्याचे रंग बिघडलेत. एका लग्नाचा आल्बम परत आला; नवरीच्या आईचं म्हणणं, सगळे पाहुणे थंडीने काकडल्यासारखे निळे दिसतात. पाठोपाठ शाळेच्या बाईंनीही तीच तक्रार केली. माणसाच्या चेहऱ्याचा रंग अचूक पकडणं, एवढंच मला येतं. तेच गेलं तर स्टुडिओला कुलूप लावलेलं बरं, असं परवा तुझ्या वहिनीपाशी बोलून गेलो. 

तर कोणता डेस्कटॉप घेऊ, ते मला समजेल अशा भाषेत कळव. माया आहेच, उत्तरही लवकर येऊ दे.

तुझा,
दादा


दि. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कुलूपबिलूप काही नको. तुझ्या नजरेवर आपलं घर उभं राहिलंय. फोटो सकाळचा की दुपारचा हे माझा भाऊ सावली न बघता सांगतो, असं मी इथे नव्या माणसांना अजून ऐकवते. खोट आहे ती त्या जुन्या स्क्रीनची. असे स्क्रीन वाटेल त्या थापा मारतात.

आता ऐक. प्रोसेसर चांगल्यातला घे, पण सगळ्यात वरचा नको. तू फोटो सुधारतोस, रॉकेट उडवत नाहीस. मेमरी मात्र हात सैल सोडून घे, बत्तीस जीबी तरी, कारण एका फोटोवर थरावर थर चढवायची तुझी खोड काही जायची नाही. चालू कामासाठी एसएसडी, म्हणजे झटपट चालणारी डिस्क, आणि जुने फोटो ठेवायला वेगळी मोठी डिस्क. दुकानदार दिवे लुकलुकणारं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारेल. ते खेळ खेळणाऱ्यांसाठी असतं, हसून नको म्हण. वाचेल ते सगळं स्क्रीनमध्ये घाल. आणि बसवणाऱ्याकडून यंत्र लावून स्क्रीनचे रंग मोजून घे. तोवर त्याला चहा देऊ नकोस.

वहिनीला नमस्कार. धाकट्या बहिणीवर लोभ आहे तसाच राहो.

तुझी,
ठमी


दि. २ एप्रिल

चि. ठमी हिस,
अनेक आशीर्वाद.

डबा आला! झाकण काढून आत पाहिलं तर निम्मा रिकामा. एवढ्याशा तुकड्यांत इतकी ताकद मावते कुठे? मी त्याला चक्क हात जोडले. मोठा फोटो उघडायला सांगून सवयीने चपला घालायला उठलो, वळून बघतो तर फोटो हजर. एका म्हाताऱ्या गवंड्याचा चेहरा होता. मोठा करत गेलो, करत गेलो. त्याच्या डोळ्यात माझ्या स्टुडिओची खिडकी दिसली, आणि खिडकीसमोर कॅमेरा धरलेला मी! आपण काढलेल्या फोटोत आपणच उभे आहोत, हे आजवर मला ठाऊक नव्हतं. तोंड मिटा, माशी जाईल, असं तुझी वहिनी म्हणाली तेव्हा भानावर आलो.

बसवणाऱ्याने रंग मोजले, मगच चहा मिळाला. आल्बम नव्याने केला आहे. फोटो मेलने पाठवलेत, छापण्याआधी एकदा नजरेखालून घाल. आता कोणी नावं ठेवून दाखवावीत.

खुशीत असलेला,
दादा


दि. ९ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. फोटो निळे आहेत, दादा. पहिल्याइतकेच. माझ्या स्क्रीनवर पाहिले, शेजारच्या टेबलावर पाहिले, शेवटी एक छापून उजेडात धरला. तुझ्या बसवणाऱ्याशीही बोलले. त्याच्या कामात चूक नाही. डबा नवा, स्क्रीन नवा. मग राहिलं काय?

डोळे दाखव. मोतीबिंदू वाढत गेला की जग हळूहळू पिवळट होतं, आणि हळूहळू होतं म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. तुला चेहरे पिवळे दिसत असणार, म्हणून तू त्यांत निळा घालत जातोस. मी तुला डिस्का आणि मेमऱ्या शिकवत बसले, पण तुझ्या नजरेवर शंका घ्यायचं मनातही आलं नाही. आपल्या घरात कोणाच्याच आलं नसतं. हवं तर माझ्यावर खूप ओरड, पण वहिनीला घेऊन जा.

काळजीत असलेली,
ठमी


दि. ६ मे

चि. ठमी हिस,
पोटभर आशीर्वाद.

रागावलो होतो. तुझं पत्र पालथं घालून ठेवलं होतं. मग एका दुपारी कोरा कागद हातात घेतला, तो मला लोण्याच्या रंगाचा दिसला. तुझ्या वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली पांढराशुभ्र आहे.  तसाच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

मोतीबिंदूच निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. पट्टी निघाल्यावर मी बाईंना विचारलं की भिंतींना रंग कालच दिला का. त्या हसल्या. ठमे, पांढरा इतका पांढरा असतो? रस्त्यात एक सायकलवाला मला बाजूला हो म्हणून ओरडला, पण त्याचा सदरा असा निळा होता की मी बघतच राहिलो. नवा डोळा मिटला की जग चहात बुडवल्यासारखं, जुना मिटला की लखलखीत. दिवसभर हाच उद्योग. ह्या वयात येणाऱ्याजाणाऱ्याला डोळे मारता, असं तुझी वहिनी म्हणते.

आल्बम पुन्हा केला. नवरीच्या आईने फोटोतल्या मुलीच्या गालावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. स्टुडिओ चालू राहणार.

काल तुझी वहिनी खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. तिचे केस मी इतके दिवस करडे समजत होतो. ते पांढरे झालेत, ठमे, आणि त्यांत उजेड खेळतो. माझ्या डोळ्यांना धार लागली. औषध घालायचं राहिलं की काय, म्हणून ती घाबरली. मी तिला उठू दिलं नाही, तिथेच तिचा फोटो काढला आणि संगणकावर उघडला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. एकाही रंगाला हात लावलेला नाही. तसाच पाठवतो आहे.

तुझ्यावर जीव असलेला,
दादा