फुग्यावरचे दोन हात

१२ एप्रिल, लातूर
सकाळी उदगीरच्या नाक्यावर रास्ता रोको. नवा जिल्हा झालाच पाहिजे. टायर मीच पेटवले. एक अँब्युलन्स अडकली. आत बघतो तर गिरिजा. तिचे वडील महालिंगआप्पा आडवे, तोंडात नळी. मण्यार चावली. विहिरी आटल्यापासून साप गारव्याला रांजणाखाली येऊन राहिले. आप्पांचा श्वासच बंद. नळीला रबरी फुगा लावून कंपाउंडर हातानं हवा देत होता, त्याचे हात गळून गेलेले. टायर लाथेनं बाजूला केले, आत चढलो, फुगा घेतला. लातूरपर्यंत सोडला नाही.

१३ एप्रिल
आप्पा मशीनवर. विष उतरेपर्यंत मशीनच श्वास देणार. गिरिजाची आई मला 'लेकरा' म्हणाली. महिन्याखाली ह्याच आप्पांनी त्यांच्या दुकानासमोर, चार लोकांत मला सुनावलं होतं, "नांदेडचं कॉलेज अर्ध्यात सोडून पोरीच्या मागं फिरणाऱ्यानं माझी पायरी चढायची न्हाई." मीही बोललो तेव्हा. काय बोललो ते लिहीत नाही.

१६ एप्रिल
बोटं हलली. पण ताप. ऑक्सिजन वाढवत चाललेत. दवाखान्याच्या नळाला पाणी नाही. टँकरच्या रांगेत गिरिजा म्हणाली, "दत्ता, तू नसतास तर..." लई दिवसांनी माझं नाव घेतलं तिनं.

१७ एप्रिल
डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला. दोन्ही फुप्फुसं पांढरी. विष छातीत उतरलं का, विचारलं.
"विषानं फुप्फुसं अशी होत नाहीत. ती चांगली होती."
ते म्हणाले, हवा जोरात भरली की फुप्फुसातले बारीक फुगे ताणतात, फाटतात. मग शरीराच्या राखणदार पेशी धावून येतात, जंतू असो नसो. त्यांनीच सूज येते, पाणी भरतं. मशीननंही होतं असं, म्हणून ते हळू ठेवलंय.
"अन् हाताचा फुगा? तो कसा दाबायचा?"
"एका हातानं. छाती जराशी उचलली की बस्स."
मी दोन्ही हातांनी. पूर्ण. कंपाउंडर म्हणत होता, "हळू की रे, छाती फोडतो का त्यांची." मला वाटलं, जास्त हवा म्हणजे जास्त जीव.

१८ एप्रिल
तेवढंच वाटलं का पण? दर दाबाला मोठ्यानं म्हणत होतो, मरायचं न्हाई आप्पा, मला 'न्हाई' म्हणून असं मरायचं न्हाई. त्यात माया किती अन् राग किती...
डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फोटोत कुणाचे हात दिसत नाहीत. पण तू दाबला नसतास तर ते इथवर आलेच नसते."
गिरिजाला सांगायला गेलो. तिनं भाकरी हातावर ठेवली. खाल्ली. सांगितलं नाही.

२१ एप्रिल
ताप उतरला. आप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडंच बघत राहिले, लई वेळ. नळीमुळं बोलता येत नाही.
डॉक्टरांना विचारलं, अँब्युलन्समधलं काही आठवत असेल का त्यांना. म्हणाले, मण्यार चावलेल्या माणसाची पापणीसुद्धा उचलत नाही, पण ऐकू येत असतं.
म्हणजे कंपाउंडरचं ऐकलं असणार. अन् माझंही.
उद्या नळी काढून बघणार. फुप्फुसं पेलतील का, कुणीच सांगत नाही. गिरिजा म्हणते, "बघ तू, आप्पा पहिलं तुझ्याशीच बोलतील."
त्यांच्याआधी मी तिला सांगायला पाहिजे. ती खाली टँकरपाशी एकटीच आहे. दुसरी घागर घेऊन चाललो.