काठाची प्लेट

५ फेब्रुवारी, गुरुवार. लोणावळा

परवा मी इथे लिहिलं की आई आणि व्यायामशाळेत येणारा विकी बरोबरीत सुटले. ते चूक आहे, आणि तिथल्या फळ्यावरही तेच मी माझ्या हाताने लिहिलंय. दोघांनी नुसत्या चिमटीत, म्हणजे अंगठा आणि बोटांमध्ये दाबून, वीस किलो उचललं हे खरं. पण विकीची वीस किलोची एकच लोखंडी प्लेट होती आणि तिला काठ आहे. काठात बोटं अडकतात. आईने दहाच्या दोन प्लेटा जोडून उचलल्या, गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून. तिथे अडकायला काही नाही, फक्त दाबायचं.

तो काठ दिवसभर डोक्यातून जात नाही.

विकी चिडवत होता, "मावशी, मिठाची चिमूट न्हाई ही!"

"व्हय रे, मीठ लय सांडतं. हे सांडलं का?" म्हणत आईने प्लेटा अलगद खाली ठेवल्या. जन्मभर भाताची रोपं उपटलेली बोटं! माझा ऊर भरून आला होता.

पण ती माझी आई म्हणूनच मी काठ शोधतेय का? विकीने दहा आकडे मोजेपर्यंत धरलं, आईने सहाच. लहानपणी अधोलीच्या मापाने भात मोजायला तिनेच शिकवलं, "मधीच अधोली बदलली तर ते मोजणंच न्हवं."

म्हणून फळा अजून पुसलेला नाही. दोघांनी त्याच दोन गुळगुळीत प्लेटा उचलायच्या, आकडे मी मोठ्याने मोजणार. आई हरली तरी तेही मीच लिहीन. रविवारी, ८ तारखेला, सकाळी सात वाजता.