सावरसांगवी अंतर्गत मोगरवाडी

९ जानेवारी

मामांनी अर्ज वाचला. चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि एकच वाक्य बोलले — "तुझ्या बापाची सही पहिली हाय."

हाय खरी! निळ्या शाईत, ऐटीत — व्यंकट. खाली एकशे ऐंशी सह्या आणि अंगठे. मागणी एका ओळीची. मोगरवाडीला सावरसांगवीतून वेगळं करा, आमची ग्रामपंचायत आम्हाला द्या. अर्ज कुणाच्या नावानं? मा. सरपंच. म्हणजे माझ्याच!

सांगवी माझं सासर, वाडी माझं माहेर. मध्ये तीन किलोमीटर आणि एक ओढा. दोन्ही गावांची ग्रामपंचायत एकच. तिची सरपंच मी — कागदावर. बाकी सगळं मामा बघतात, सासरे म्हणून आणि मागच्या वेळचे सरपंच म्हणून. जागा बाईसाठी राखीव निघाली आणि घरातली शिकलेली बाई मी, एवढंच माझं राजकारण. शिक्का त्यांच्या कपाटात. मी सह्यांपुरती.

आणि आप्पांना नेमकं माझ्याच काळात स्वराज्य हवंय!

भाजीत मीठ दोनदा पडलं. इतका राग.

११ जानेवारी

भाऊसाहेब आले होते. आमचे ग्रामसेवक महांतेश, देगलूरकडचे. मला म्याडम म्हणतात, मामांना मालक. मामा शेतात गेलेले बघून हळूच म्हणाले, "म्याडम, अर्ज दाबायचा का पुढं न्यायचा?"

मी म्हटलं, आधी मला समजून तर सांगा. दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. त्यांनाच घाम फुटला.

तर असं आहे — ग्रामसभेचा ठराव लागतो. मग कंधारला पंचायत समिती, मग नांदेडला जिल्हा परिषद, मग आणखी वर. "पण ठराव नसला तर फाइल जन्मालाच येत न्हाई म्याडम." ग्रामसभेच्या आधी बायकांची सभा घ्यावी लागते. तीही आम्ही आजवर रजिस्टरातच घेतलीय. सह्या घरोघरी फिरून! त्यातली पहिली माझी.

त्यांच्याकडं तालुक्यातल्या ग्रामपंचायतींची यादी होती. सावरसांगवी सापडलं. पुढं कंसात, बारीक अक्षरात — अंतर्गत मोगरवाडी. एकोणीस वर्षं राहिले मी त्या कंसात.

१४ जानेवारी

संक्रांत. माहेरी गेले. तिळगूळ हातात ठेवायच्या आत आप्पा सुरू — "मग? कधी घेतीस ठराव?"

मी म्हटलं, "आप्पा, मला घरात राहायचंय. आधी बोलायचं तरी मला!"

"तुला बोललो असतो तर तू न्हाई म्हणाली असतीस."

खरंय ते.

मग आरती आली. माझी शाळेपासूनची मैत्रीण, लग्न वाडीतच झालं तिचं. रेशनला सांगवीला गेली होती मागच्या आठवड्यात. मशीनला अंगठा उमटेना, नेट नाही. उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. चार चकरा! "डोक्यावर रिकामं पोतं घिऊन चालायची लई लाज वाटती गं," म्हणाली. हसत म्हणाली, पण माझ्याकडं बघितलं नाही.

रेशनचं दुकान आमच्या घरापासून तीस पावलांवर आहे. ती चारदा आली आणि मला माहीत नाही.

१६ जानेवारी

मामांचं खरं दुखणं कळलं. विहीर! सांगवीला नळाचं पाणी येतं ते वाडीच्या शिवारातल्या विहिरीतून. वाडी वेगळी झाली की विहीर तिकडं. "उद्या तुझ्या बापानं मोटर बंद केली तर हांडे घिऊन कुठं फिरतीस?"

हा माणूस अगदीच चुकीचं बोलत नाही. त्याचाच त्रास आहे.

१८ जानेवारी

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना विचारलं, आधी नळ नव्हता तेव्हा काय करत होता? म्हणाल्या, "मान बघ माझी." एवढंच. त्यांची मान खरंच डावीकडं वळत नाही. मला वाटायचं, झोपेत आखडलेली असंल.

२० जानेवारी

मामांना शिक्का मागितला. "कशाला?" म्हणाले. म्हटलं बायकांच्या कार्यक्रमाची नोटीस काढायची. त्यांना वाटलं हळदीकुंकू. दिला की लगेच! वर म्हणाले, "वाण चांगलं द्या."

मी खोटं बोलले नाही. महिला सभा हा बायकांचाच कार्यक्रम.

२२ जानेवारी

नोटीस लागली. सभा २५ तारखेला, मोगरवाडीच्या शाळेत. वाडीत सभा! आजवर एकदाही झाली नव्हती.

हनुमंतला सांगितलं, टेम्पो लागेल, सांगवीच्या बायका न्यायच्यात. (चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते. वहीला काय कळतंय!) तो बराच वेळ टायर बघत बसला. मग म्हणाला, "अण्णाला सांगितलंस?" अण्णा म्हणजे मामा.

"बायकांचा कार्यक्रम आहे."

"दिपा, तू लई बेरकी होऊन राहिलीस."

पण डिझेल भरून आणलं.

२५ जानेवारी

काय दिवस गेला!

सांगवीच्या तेवीस जणी टेम्पोतून, वाडीच्या साठेक. शाळेच्या व्हरांड्यात आधी दोन वेगळे ढीग बसले. भाऊसाहेब रजिस्टर पोटाशी धरून कोपऱ्यात, एकटा पुरुष, घामेजलेला.

मी विषय वाचून दाखवला. मग आमच्या गल्लीतली शिल्पा उठली. स्पष्ट बोलते ती. "तुम्ही खुशाल वेगळ्या व्हा. पण आमचं पाणी तोडलं तर? माझ्या घरी दोन लेकरं, सासू अंथरुणावर."

वाडीच्या बायकांत कुजबूज. आरती उभी राहिली. "आम्ही इतकी वर्षं रेशनला, दाखल्याला तुमच्या गावात येतो. उन्हात उभ्या राहतो. कुणी एकदा तरी पाणी इचारलं का?"

भाऊसाहेबांचं पेन खाली पडलं.

शिल्पा म्हणाली, "न्हाई इचारलं."

बस्स. कारण नाही, सबब नाही. पुढची भांडणं तिथंच मेली. मग माझी माय उठली — नागाबाई कधी चार माणसांत बोलत नाही. म्हणाली, "पाणी तोडायला आम्ही काय दुश्मन हाव? माझी लेक तिकडं नांदती. लिहून घ्या भाऊसाहेब. वाडी वेगळी, हीर दोघींची."

दोघींची म्हणाली. दोन्ही गावांची नाही — दोघींची. भाऊसाहेबांनी तसंच लिहिलं, मग खोडून नीट लिहिलं. त्र्याऐंशी सह्या. शेवटी वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या दिल्या. मामांचा शब्द पाळला!

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. वाईट म्हणजे आप्पांचाही फोन — "विहीर देऊन टाकलीस? मग आमच्या हातात राहिलं काय?"

एका दिवसात सासर-माहेर दोन्हीकडून शिव्या. हे सगळ्यांना जमत नाही.

२६ जानेवारी

सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर मामा फोनवर — "सरपंचाला ताप हाय. झेंडा मीच लावतो."

मी समोर उभी. ओल्या केसांनी, ठणठणीत.

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही हलले नाही. आत्या चुलीपाशी होत्या. हनुमंत दारात. कुणी मध्ये पडलं नाही. मी साडी नेसले आणि चालत गेले. झेंडा मी लावला. दोरीची गाठ सुटेना. भाऊसाहेब खालून, "डावीकडची ओढा म्याडम, डावीकडची!"

मग ग्रामसभा. पारावर जागा उरली नाही. वाडीची माणसं नेहमी चपलांपाशी बसतात, आज चक्क पुढं. ठराव मी वाचला. मामा उठले. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त लागलं.

"माझा एकच सवाल हाय. सरपंचबाईंनी सांगावं, त्या कोणत्या गावच्या?"

लोक हसले. आप्पा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं आता रडू येणार. आलं नाही.

"मामा, एकोणीस वर्षं मी वाडीत राहिले, ओढ्यातून तुमच्या गावच्या शाळेत आले. आठ वर्षं झाली, इथं बसून वाडीच्या विहिरीचं पाणी पिते. तुम्हीसुद्धा तेच पिता. मला एका गावची व्हायला सांगू नका. पाण्याचं बायकांनी काल लिहून दिलंय. आता वाडीवाल्यांना त्यांचा कागद त्यांच्या गावात मिळू द्या."

हात वर करायला सांगितले. बाजूनं दोनशे चौदा, विरोधात एकशे एकतीस. दोनदा मोजले. सांगवीच्या बायकांनी पदर सावरत हात वर केले, काहींनी नवऱ्याच्या पाठीमागून.

हनुमंतनं कुठंच हात वर केला नाही. दोन्ही वेळेला खिशात! घरी विचारलं तर म्हणे, "मी टेम्पो दिला होता की."

२ फेब्रुवारी

मामा माझ्याशी बोलत नाहीत. बोलायचं असलं तर आत्यांमार्फत, मी समोर बसलेली असताना. "तिला सांग, भाकरी दे." आत्या माझ्याकडं बघून, "भाकरी दे म्हणतेत." आज आत्यांना हसू आवरलं नाही. उठून मागच्या दारी गेल्या.

१९ फेब्रुवारी

फाइल कंधारला पोचली. परत आली. नकाशा नाही म्हणे.

६ मार्च

नकाशा जोडला. आता शिवारात ओढा कुणाच्या बाजूला ते स्पष्ट नाही. भाऊसाहेब म्हणाले, ओढ्यालाच विचारावं लागंल.

११ एप्रिल

नांदेडला सुनावणी. मामांनी हरकत घेतलेली, म्हणजे तेही जाणार. गावातून जायला वेळेवर एकच बस. तीन तास एकाच बसमध्ये — मी पुढं, ते मागं. लोह्याला बस थांबली. खिडकीतून एक हात आला, त्यात उसाच्या रसाचा ग्लास. हात मामांचा. तोंड दुसरीकडं.

साहेबांनी विचारलं, हरकत काय? मामा म्हणाले पाणी. साहेबांनी फाइल चाळली. "पाण्याचं तर महिला सभेनं लिहून दिलंय." मामांनी कागद मागून घेतला. पूर्ण वाचला, सह्यांसकट. आत्यांची सहीही होती त्यात — मला खरंच आठवत नव्हतं, त्या टेम्पोत मागं बसून आल्या होत्या.

"हे मला कुणी दाखवलं न्हाई."

साहेब म्हणाले, "तुम्ही सभेचं इतिवृत्त मागितलं होतं का?"

मामांनी कागद साहेबांपुढं ठेवला. मग, "एवढं लेखी असंल तर माझं काही म्हणणं न्हाई." आणि हरकत मागं घेतल्याचा कागद स्वतःच्या हातानं लिहिला. अक्षर सुंदर आहे त्यांचं.

येताना शेजारी बसले. कंधारचा किल्ला दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "बोललीस बरी. पण घाई करतीस. साहेबापुढं आधी थांबायचं, मग बोलायचं."

अडीच महिन्यांनी थेट मला वाक्य! तेही दुरुस्तीचं.

३० जून

काही नाही. फाइल वर आहे. वर कुठं, कुणाला माहीत नाही.

१८ सप्टेंबर

आदेश आला!!

मोगरवाडी — स्वतंत्र ग्रामपंचायत. कंस नाही, अंतर्गत नाही. भाऊसाहेबांनी फोटो पाठवला, मी तो मोठा करकरून बघितला. वाडीला पोचले तर शाळेपुढं हलगी. आप्पा नाचून राहिले होते! गुडघे दुखतात म्हणून कंधारच्या डॉक्टरला दाखवलेला माणूस! आरतीनं माझ्या कपाळाला इतका गुलाल लावला की घरी आत्यांनी ओळखलं नाही.

मग भाऊसाहेब बाजूला घेऊन म्हणाले, "म्याडम, एक सांगायचं राहिलं. जुनी ग्रामपंचायत गेली. दोन्हीकडं नव्यानं निवडणूक."

"म्हणजे मी?"

"माजी."

मला हसू आलं. स्वतःची खुर्ची स्वतःच ठरावानं काढून घेतली की मी! मामांना सांगितलं. ते हसले नाहीत. "आता जरा घराकडं बघ," म्हणाले. प्रेमानंच म्हणाले.

७ नोव्हेंबर

आरक्षण निघालं. वाडीत बाई. आरतीला उभी करतायत, आप्पा तिच्या प्रचाराला. सांगवीचं सरपंचपद ह्या वेळी सगळ्यांना खुलं.

घरात मोकळं मोकळं वाटतंय. दुपारी शेवया केल्या.

१ डिसेंबर

झोप नीट लागली नाही. कारण लिहीत नाही.

२ डिसेंबर

तहसीलला जाऊन सरपंचपदाचा अर्ज भरला. कुणाला न विचारता. रांगेत माझ्या पुढं एकच माणूस — मामा. त्यांनीही तोच भरला.

हनुमंतच्या टेम्पोत बसून दोघं घरी आलो. तो गाणं म्हणत होता, भीतीनं.