पावणं, किती देऊ?

प्रिय क्रांती,

आधी एवढं वाच, तुझी आई बरी आहे. सलाईन संपत आलंय, आणि मघाशी दाढी का केली नाही म्हणून तिनं मला झापलं, म्हणजे बरीच आहे. तरी मला एका जागी बसवेना. दवाखान्याच्या जिन्यावर लिहितोय, दोन ओळी झाल्या की उठून तिला बघून येतोय. पण खरं सांगू, कालपासून जीव तुझ्यात अडकलाय.

काल दुपारी मलकापूरहून फणस घेऊन मंगळवार पेठेच्या बाजारात पोचलो. आई नेहमीसारखी पहाटेच्या एसटीनं करवंदांची पाटी घेऊन पुढं आली होती. बघतो तर भिंतीला टेकलेली, ओठ सुकून पांढरे पडलेले. मला म्हणाली, पावणं, किती देऊ? मी हसलो की. म्हटलं, या वयात हिला थट्टा सुचली. तिनं परत तेच विचारलं. हात धरला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही.

तांब्या तिच्या तोंडाला लावणार, तर समोरच्या किराणावाल्या जयपालनं माझा हात धरला. ती भानावर न्हाय, पाणी श्वासनळीत जाईल म्हणाला. त्याच्या दुकानात सावलीला तिला आडवी केली, लुगडं भिजवलं, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि रिक्षा बोलावली. आजवर मी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. काल पेठभर धोंडुबाई, धोंडुबाई करत गेलो.

डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलं होतं, उशीर झाला असता तर मूत्रपिंडांवर बेतलं असतं. आता मीठ-साखरेचं पाणी देतोय, घोट घोट, एकदम दिलं की उलटतं.

नर्सबाईंनी तिला विचारलं, लघवीला कधी गेला होतात, रंग कसा होता? आईनं माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला. मला बाहेर घालवलं तेव्हा बोलली, मग नर्सबाईंनी मला सांगितलं. ती घरातून निघाली की परत येईपर्यंत पाण्याला शिवत नाही. बाजारात बाईमाणसाला जायला जागाच नाही, म्हणून. शेजारी बसणारी विठाबाईही तेच करते म्हणे. सगळ्याच करतात, आणि आम्हा बाप्यांना त्याचा पत्ता नाही. मला इतका राग आलाय की कुणावर काढू कळत नाही.

हे फोनवर बोलायला बापाची जीभ रेटत नाही, म्हणून पत्र. तुझा चुलतभाऊ उदयसिंह संध्याकाळच्या गाडीनं सोलापूरला येतोय, त्याच्या हाती देतो. तू दिवसभर तिथल्या चौकात वर्दी घालून वाहतुकीला उभी असतेस. परवा म्हणालीस, संध्याकाळी डोकं फुटतं, गरगरतं. मी म्हटलं, उन्हाची सवय होईल. क्रांती, तूही पाणी टाळतेस काय गं? मला सांगू नको, आईला सांग. साहेबांशी भांड, चौकातल्या कुणाचंही दार वाजव, नाहीच जमलं तर नोकरी सोडून घरी ये. पण उद्या उन्हात उभी राहण्याआधी पोटभर पाणी पी.

तुझाच,
आबा