अब्बांच्या हाताचे आकडे

लोणावळा,
११ जानेवारी १९३८

प्रिय इनायत,

तुझं पत्र पोचलं. अम्मीने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मग कुसगावला तुझ्या मावशीकडे घेऊन गेली. पोरगा पुण्याच्या कॉलेजात यंत्र बनवतो म्हटल्यावर तिचे पाय जमिनीवर कसे राहतील? इकडे थंडी कडक आहे. म्हैस व्याली. तुझ्या वाटचा खरवस मीच खाल्ला, रागावू नकोस.

स्टेशनात रेल्वेगाडी आली की चाकाच्या आखावरच्या लोखंडी पेटीला हात लावायचा आणि ती किती तापली ते सांगायचं, हे काम मी तेवीस वर्षं करतोय. उन्हात लाकूड आणि लोखंड सारखंच तापतं, पण चटका लोखंड आधी देतं, हे तुला लहानपणी मीच दाखवलं होतं. तू त्याचं गणित केलंस. पेटीतून उष्णता किती वेगाने बाहेर येते ते तुझ्या यंत्राच्या तारा सांगतात. पण यंत्राचा काटा कुठवर गेला म्हणजे गाडी थांबवायची, हे ठरवायला तू माझा तळहात धरलास. दिवाळीच्या सुट्टीत तू तापलेल्या पेटीला तारा चिकटवल्यास, मी शेजारी हात ठेवला आणि किती आकडे मोजेपर्यंत सोसवलं ते सांगितलं. तू ते काट्याच्या आकड्यांसमोर लिहून तक्ता केलास. माझ्या जोडीचा गेणू म्हणाला, “चाँदभाई, पोरानं नाव काढलं बगा.” माझी छाती फुगली.

आता तू लिहितोस, तो तक्ता सोमवारी रेल्वेच्या साहेबांकडे जाणार आणि घाट उतरणाऱ्या गाड्या त्याच्या भरवशावर सोडणार. पोरा, तो तक्ता देऊ नकोस. दोन वर्षांपूर्वी हात भाजला, तेव्हापासून त्या तळव्याला काहीच कळत नाही. कामावर मी गुपचूप कोपर लावतो, अम्मी तुझ्या अंघोळीचं पाणी बघायची तसं. त्या दिवशी तुमच्यासमोर लाज वाटली. तुझ्या चेहऱ्याकडे बघत मोजत राहिलो, तो खुलला की थांबायचो. साहेबांना हाताचं मी उद्याच सांगतो, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तू रविवारी ये. कोपर लावून पुन्हा पहिल्यापासून मोजू. दिवाळीनंतर परत जाताना स्टेशनावर तू माझा तोच हात किती वेळ दाबून धरला होतास, ते मी नुसतं बघितलं रे.

तुझाच,
अब्बा