रेस होऊ दे, मग बघू

बुध. ५ नोव्हें.
मल्याचं परत सुरू. "जाऊ का नको बे?" उद्या गाडी काढायची आणि हा आज विचारतोय! वडलांच्या छातीत कफ झालाय म्हणे. अप्पांना दर थंडीत होतो की. मी चिडलो. म्हटलं, घरात धाकटा भाऊ आहे, आई आहे, तू काय डॉक्टर आहेस का? तेवढ्यात फोनवर मागून अप्पांचाच आवाज: "संतोष, ने रे ह्याला. लई डोकं खायलाय." ठरलं.

शाळेपासून मी, मल्या, नाग्या अप्पांच्या गॅरेजात टीव्हीवर बाईकच्या रेसा बघत आलो. एकदा तरी क्वालालंपूरला जाऊन समोर बसून बघायची, एवढंच डोक्यात होतं. आणि ऐनवेळी हे रडगाणं.

सु. म्हणते, मी माणसांपेक्षा गाड्यांना जास्त जीव लावतो. संसार करून एवढंच कळलं हिला.

गुरु. ६
हैदराबादपर्यंत नाग्याची गाडी. सकाळी येतो म्हणाला, आला दुपार उलटल्यावर. वर मागच्या सीटवर टॉवेलचे गठ्ठे. "तिकडं एक पार्टी हाय, सॅम्पल दाखवू की." रेस बघायला चाललाय का फेरीवर? एक गठ्ठा माझ्या पायाशी. उमरग्यापर्यंत पाय बधिर. मल्या पुढं बसून घोरतोय. ज्याला यायचं नव्हतं तोच सगळ्यात आरामात.

शुक्र. ७, क्वालालंपूर
पोचलो. गरम, चिकट. फोनचा परदेशातला पॅक फक्त मी घेतलाय. दोघांचं एकच, "तू हायस की." म्हणजे दोघं माझ्या हॉटस्पॉटवर. नाग्या पार्टीशी बोलतो, मल्या घरी. "अप्पा, खाल्लं का? अप्पा, वाफ घेतली का?" माझी बॅटरी दुपारीच झोपली.

जेवणाचे हाल. मल्याला अंडंसुद्धा चालत नाही. भात मागवला तर त्यावर सुकी मासळी. हा उठून बाहेर. शेवटी खोलीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एवढं विमानानं येऊन तेच! पण चटणी होती म्हणून निभावलं, हे खरं.

शनि. ८
सर्किट. आज नुसता सराव आणि उद्याचे नंबर ठरवायचे. खरं सांगायचं तर पोपट झाला. टीव्हीवर सगळं दिसतं. इथं एक वळण दिसतं, गाड्या सुंऽऽ करून येतात आणि गेल्या. कोण पुढं, कोण मागं, काही पत्ता नाही. नाग्याला तासाभरात मॉलला जायचंय.

मल्या मात्र खूष. डोळे मिटून बसला. कुठली गाडी कशी वाजते, गिअर कधी पडला, सांगतोय. हे अप्पांचं. अप्पांनी गॅरेजात असंच शिकवलं, कान लावून. व्हिडिओ लावून दिला तर अप्पा तिकडनं ओरडले, "मल्लू, गप की जरा. आवाज ऐकू दे." खोकत होते, पण हसत होते. तेवढा वेळ मलाही बरं वाटलं.

रवि. ९
लिहू का नको. लिहितो.

सर्किटवर पोचून चहा घेत होतो. बसूचा, मल्याच्या भावाचा फोन. मल्याला द्या म्हणाला नाही, कडेला या म्हणाला. कडेला गेलो. अप्पा गेले. पहाटे उठले, पाणी मागितलं, आणि तेवढंच.

मी म्हटलं, मल्याला देतो. बसू म्हणाला, "नका अण्णा. त्याला घरी आल्यावर सांगायचं ठरलंय. आत्ता सांगितलं तर थांबा म्हणेल. भावकी थांबायला तयार न्हाय. माती आजच."
"अरे, व्हिडिओवर तोंड तरी बघू दे."
"नको. तिथं त्याला काय झालं तर?"
मग त्याच्या आईनं फोन घेतला. रडत, "हेळब्याडप्पा, हेळब्याड." मला तेवढं कन्नड कळतं. सांगू नको. हो म्हटलं.

नाग्याला सांगितलं. तो म्हणाला, "रेस होऊ दे, मग बघू." रेस होऊ दे! जसं काय पावसानं खोळंबलेलं लग्न आहे.

आणि पाऊस आलाच. रेस लांबली. सगळे छताखाली. मल्या उठला, "संत्या, हॉटस्पॉट लाव. अप्पांना दाखवतो, कसं पाणी काढायलेत ट्रॅकवरचं." मी खिशातल्या खिशात बंद केला. म्हटलं, रेंज गेली. "आत्ता तर होती की." गर्दीमुळं असेल, म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि बसला. तिकडं अप्पांना अंघोळ घालत असतील, आणि हा इथं माझ्या शेजारी पॉपकॉर्न खातोय.

रेस झाली. कोण जिंकलं, हॉटेलवर आल्यावर नाग्याकडून कळलं. मल्या पूर्ण वेळ उभा राहून ओरडत होता. मला एकदा मिठीसुद्धा मारली. ज्या रेससाठी एवढं केलं, त्यातलं एक वळण मला आठवत नाही. रात्री त्यानं घरी बोलायला परत हॉटस्पॉट मागितला, पॅक संपला म्हटलं. बसूचा राग येतोय, नाग्याचा येतोय. आणि माझा.

सोम. १०
घरी आल्यावर सांगायचं होतं ना? घ्या!

हैदराबादला उतरलो, बॅगा यायच्या होत्या, मल्यानं फोन चालू केला. गॅरेजवाल्यांचा ग्रुप. अप्पांचा हार घातलेला फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. घरच्यांनी एवढं झाकलं, आणि ग्रुप कुणाच्या ध्यानातच आला नाही.

तो खाली बसला, तिथंच, पट्ट्याशेजारी. बॅग दोनदा समोरून फिरून गेली. नाग्यानं उचलली.

गाडीत मल्या परत पुढंच बसला. जहिराबादच्या पुढं त्यानं विचारलं, "तुमाला कधी कळलं?"
मी तोंड उघडलं. नाग्या आधीच बोलला, "आत्ताच बे. उतरल्यावर. तुझ्यासारखंच."
मल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. का हलवली? कुणी धरून हलवली माझी मान?

घरी पोचलो तर मातीही होऊन गेलेली, पाहुणेही पांगलेले. त्याची आई त्याला धरून रडली. माझ्याकडं बघून हात जोडले. ते हात कशाबद्दल होते, ते मला आणि तिलाच कळलं.

गुरु. १३
चिंचोळीला कामावर गेलो. शिफ्टमध्ये दोन पोरांवर विनाकारण ओरडलो.

नाग्याला फोन केला. म्हटलं, खोटं का बोललास? तो म्हणतो, "तुलाच वाचवलं. आता तू उकरू नको." मला वाचवलं म्हणे! मी सांगितलं होतं का? बरं, तो म्हणेल तू तिथंच खोडून का नाही काढलंस. म्हणेल कशाला, म्हणालाच.

सु. ला सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल आईनं सांगितलं होतं, तुम्ही काय करणार. ती म्हणाली, "तुम्ही त्याला विचारायला पाहिजे होतं. बाप त्याचा होता." झालं.

शनि. १५
मल्या बसूशी बोलत नाही. एका घरात राहून ताट वेगळं. आज दुपारी आमच्याकडं आला, जेवायला वाढ म्हणाला सु. ला. दाढी वाढलेली. भाकरी मोडत बोलत राहिला. "एक दिवस थांबले असते रे. मी हात जोडून सांगितलं असतं, थांबले असते. फोनवर तोंड तरी दाखवायचं. आईला दोष देत नाही मी. पण बसूला कसं वाटलं नाही?" मग म्हणाला, "घरच्या सगळ्यांनी मला फसवलं. तुला कळलं असतं तर तू नसतं लपवलंस. तेवढं मला माहीत हाय."

सु. तव्याकडं बघत राहिली. मी त्याला आमटी वाढली.

तो गेल्यावर बसूचा फोन. "अण्णा, तुमीच सांगा त्याला, तुमाला मी सांगितलं होतं म्हणून. सगळं माझ्यावरच आलंय. तुमी सांगत नसाल तर मी सांगतो." धमकी नव्हती. रडकुंडीला आला होता. म्हटलं, मीच सांगतो, थांब. कधी, ते बोललो नाही.

रवि. १६
आज टीव्हीवर रेस आहे. लावायची नाही असं ठरवलं होतं. मल्या आपणहून आला. "गॅरेजात बसवत न्हाय रे. हितंच बघू." टीव्ही लावून बसलाय. मी चार्जर शोधतो म्हणून आतल्या खोलीत आलो आणि हे लिहीत बसलोय. सु. दारातून एवढंच म्हणाली, "आज सांगा." बसूचे दोन मिस्ड कॉल.

सांगितलं तर तो परत या घरात जेवेल का? नाही सांगितलं, तर सख्ख्या भावाशी बोलायचा नाही, आणि माझ्याकडं जेवत राहील. मला कुठलंच नको आहे. मला मागचा रविवार परत पाहिजे.

बाहेरून हाक मारतोय, "संत्या, ये की बे. सुरू झाली. तुझी जागा ठेवलीय."
आलो, म्हटलं.