डिस्टोपिया आणि द्राक्षांची पेटी

गंगापूर रोड, नाशिक
संक्रांतीचा आदला दिवस

प्रिय वाल्मीक यास ढुंढिराजाचा नमस्कार (तू घेणार असशील तर).

गुडघा कसा आहे? सायखेड्याकडे थंडी फार पडली असं पेपरात वाचलं. म्हणजे बागेत शेकोट्या पेटवून तू पहाटे डोक्याला काही न बांधता हिंडत असशील आणि सूनबाई आरोही कानटोपी घेऊन मागे पळत असेल. धोंडाबाई वहिनींना नमस्कार सांग. हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं, पण गेले अकरा महिने फोन केला की आरोही म्हणते, "काका, बाबा मळ्यात गेलेत." सकाळी मळ्यात, दुपारी मळ्यात, रात्री नऊलाही मळ्यात. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावर बसून 'मी जन्मात शेती करणार नाही' म्हणणारा तूच होतास ना? पत्राला मात्र मळ्यात गेल्याचं सांगता येत नाही. ते घरात पडून राहतं आणि कधीतरी वाचावंच लागतं, म्हणून लिहितो आहे.

आधीच सांगतो, हे माफीचं पत्र नाही. विषय साहित्याचा आहे.

आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचं वाचक मंडळ आहे (सभासद अकरा, त्यात ऐकू येणारे सहा). डिसेंबरात तिथे स्वरदा नावाच्या तरुण प्राध्यापिकेचं व्याख्यान झालं, 'डिस्टोपियन कथा कशाला म्हणावं?' मला वाटलं भुताखेतांचं काही असेल, म्हणून पुढच्या रांगेत बसलो. तर भूत एकही नाही. ती म्हणाली, या कथा घडतात पुढच्या काळात, पण लिहिणाऱ्याचा डोळा आजच्या काळावर असतो. पूर, लढाई, भूकंप आला आणि सगळं कोसळलं, तर ती झाली आपत्तीची कथा. डिस्टोपियात काहीच कोसळत नाही. रस्ते स्वच्छ, पाणी वेळेवर, सगळी व्यवस्था अगदी नीट चालू, आणि तेच तर दुखणं. तिथे माणसावर जे काही लादतात ते त्याच्या भल्यासाठीच. त्याच्यावर नजर असते, त्याची नोंद असते आणि कॉलर धरावी असा दुष्ट माणूस शोधून सापडत नाही. दुष्टपणा सगळा नियमात मुरलेला असतो. हे सगळं मी साखरेच्या रिपोर्टच्या मागे लिहून घेतलं (रिपोर्टबद्दल विचारू नकोस).

तुला माझा स्वभाव माहीत आहे. हात वर केला. म्हटलं, बाई, आमचं घराणं रामकुंडावरचं. यात्रेकरूंची नावं, गावं, पिढ्या चोपड्यांत लिहून ठेवण्यात आमचे पूर्वज म्हातारे झाले, मग आम्हीही डिस्टोपियाच का? ती हसली आणि म्हणाली, नोंद कशासाठी ठेवली ते पाहायचं. मला एकदम तू आठवलास. तुझे वडील गेले तेव्हा तू आमच्या ओसरीवर बसून त्याच चोपडीत सही केली होतीस. वर तुझ्या आजोबांचा अंगठा होता, त्यावर तू हात ठेवला होतास. त्या चोपडीत 'येण्याचा उद्देश' असा रकाना नव्हता.

मी दुसरा प्रश्न विचारला. म्हटलं, या कथांतल्या माणसाला भीती असते की कोणीतरी आपल्याला सतत बघतंय. पण समजा कोणीच बघत नसेल, तर त्या कथेला काय म्हणतात? तिने तो प्रश्न स्वतःच्या वहीत लिहून घेतला. ऐकू येणारे सहाही दाराकडे बघू लागले. मग चहा आला.

तुझी अनसूयावहिनी गेल्याला या चैत्रात तीन वर्षं होतील. मयुरेशने बंगळुरूहून येऊन हॉलमध्ये कॅमेरा बसवून दिला आहे. सुरुवातीला मी त्याच्यावर टॉवेल टाकायचो. आता रोज आंघोळ करून, भांग पाडून त्याच्यासमोर बसतो आणि आज भाजी कोणती केली ते सांगतो. (मयुरेश म्हणतो, बाबा, यात आवाज रेकॉर्ड होत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, दोडक्याचीच होती.)

तर मंडळाने कथास्पर्धा ठेवली आणि मी कथा लिहिली. साल २०९०. नगराचं नाव सुखनिवास. दाराला बेल असते, पण ती कोणी वाजवत नाही, कारण आधी यंत्राला विचारावं लागतं. येणाऱ्याला डिलिव्हरी, टॅक्सी, दुरुस्ती, घरकाम या चारांपैकी एक उद्देश निवडावा लागतो. पाचवा उद्देश असलेला माणूस नगरात येऊच शकत नाही. मला वाटलं, पहिलं बक्षीस कुठे जात नाही. स्वरदाने कथा परत दिली, खाली लिहिलं होतं, 'काका, भाषा छान. पण यात भविष्य कुठे आहे?' मी चिडलो. पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की साल सोडून मी स्वतःचं काहीच घातलेलं नाही, बाकी सगळं आमच्या सोसायटीच्या गेटवरचं अॅपच आहे. तिच्या शेऱ्याची दुसरी ओळ अशी होती: 'गेटवर त्या पाहुण्याला नकार देणारा कोण, ते तुम्ही सांगितलंच नाही.'

ते पान मी लिहिलं होतं, वाल्मीक. लिहून फाडलं. आता तुलाच लिहितो.

गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे फसवणुकीपासून सावध राहण्यावर भाषण झालं होतं. न मागवलेली वस्तू दारात आली तर सरळ नकार द्या, असं तीनदा सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला. पडद्यावर अक्षरं आली, 'डिलिव्हरी. द्राक्षे, एक पेटी. आत सोडायचे?' मी काही मागवलं नव्हतं. चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि मोठ्या ऐटीत 'नाही' दाबलं. एवढंच नाही, कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, पाहिलंस मयुरेश, बाप फसला नाही. खाली वॉचमन लहानूने पेटी बघून तुझ्या नावापुढे डिलिव्हरी लिहिलं होतं, आणि डिलिव्हरीवाल्याचं नाव पडद्यावर येत नाही. त्याचा दोष नाही, चारांत दुसरं काही बसत नव्हतं. तू चाळीस मिनिटं दगडी कठड्यावर बसलास. आणखी दोनदा विचारायला लावलंस, दोन्ही वेळा मी पुन्हा 'नाही' दाबलं. मला हे तीन दिवसांनी कळलं. रिकामी पेटी लहानूच्या केबिनमध्ये होती, तिच्यावर स्केचपेनने तुझ्या किरट्या अक्षरात 'ढुंढ्या' लिहिलेलं. लहानू हरसूलकडचा, साधा माणूस. म्हणाला, "ते बाबा बोलले, तो नाय म्हनतोय ना, मग ऱ्हाऊ दे. तुमी खाऊन घ्या."

स्वरदाला वाटतं माझ्या कथेतलं यंत्र दुष्ट आहे. यंत्राने बिचाऱ्याने तीनदा विचारलं होतं. 'नाही' मी म्हटलं. पन्नास वर्षांच्या मित्राला मी पेटीवरून ओळखायला हवं होतं, फेब्रुवारीत सायखेड्याहून माझ्यासाठी द्राक्षं दुसरं कोण आणणार? माझं चुकलं. मला तुझी फार आठवण येते. तू समोर बसून शिव्या घातल्यास तरी चालेल, उलट बरंच वाटेल, या घरात मोठ्याने कोणी बोललं नाही त्याला खूप दिवस झाले.

वहिनींना पुन्हा नमस्कार, आरोहीला आशीर्वाद आणि 'मळ्यात गेलेत' हे इतक्या गोड आवाजात सांगितल्याबद्दल आभार.

तुझा,
ढुंढ्या

ता. क. सोबत पुडीत तीळगूळ आहे, मी केलेला. लाडू म्हणून टाकला होता, पोहोचेपर्यंत चुरा झाला असेल. चमच्याने खा.

ता. क. दुसरा: वर माफीचं पत्र नाही असं लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं.

ता. क. तिसरा: आमच्या अॅपमध्ये एखाद्याला 'नेहमीचा पाहुणा' करून ठेवता येतं. मग त्याला गेटवर कोणी काही विचारत नाही. मुदत एक महिना. मार्चपासून दर एक तारखेला मी तुझं नाव पुन्हा भरतो. या यादीत एकच नाव आहे. तरी माझा त्या अॅपवर भरवसा नाही, म्हणून दर रविवारी दहा ते बारा लहानूच्या शेजारी खुर्ची टाकून मी स्वतः गेटवर बसतो. द्राक्षं आणू नकोस (आणलीसच तर काळी आण आणि लहानूची वेगळी आण). बस चुकली आणि उशीर झाला तरी ये. बारा म्हणतो खरं, पण मी एकपर्यंत उठत नाही.